आमोरेस पेर्रोस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या छोट्या फिल्म मंडळात हा मेक्सिकन सिनेमा आजवर तीनदा दाखवून झाला. तिन्ही वेळा खेळ संपल्यावर लोक चपला घालून दारातच थांबले आणि विचारत राहिले. तेच प्रश्न पुढे फोनवर, मेसेजवर येत गेले, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. गोष्टीचा शेवट उघड करणारे प्रश्न मुद्दाम खाली ठेवलेत. तिथे पोचण्याआधी तशी सूचना येईल.

हा नेमका कोणता सिनेमा?

२००० साली आलेला मेक्सिकोचा स्पॅनिश सिनेमा, लांबी अडीच तासांहून थोडी जास्त. दिग्दर्शक आलेहांद्रो गोन्सालेस इन्यारितू, त्यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याआधी ते मेक्सिको सिटीत रेडिओवर निवेदक होते, नंतर जाहिराती करायचे. पटकथा गियेर्मो आरियागा या कादंबरीकाराची. तरुण ओक्ताव्हियोच्या भूमिकेतला गाएल गार्सिया बेर्नाल तेव्हा लंडनमध्ये अभिनय शिकत होता. मोठ्या पडद्यावर लोकांनी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते इथे.

नावाचा अर्थ काय?

‘आमोरेस’ म्हणजे प्रेमं, प्रेमप्रकरणं. ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. पण मेक्सिकोच्या बोलीत ‘पेर्रो’ विशेषण म्हणूनही येतं, आणि तेव्हा त्याचा अर्थ खडतर, निर्दयी, हाल करणारं असा होतो. म्हणजे ‘कुत्र्यांची प्रेमं’ आणि ‘जीव काढणारी प्रेमं’ हे दोन्ही अर्थ त्या दोन शब्दांत बसलेत. इंग्रजीत हे साधणं अवघड गेलं, तिथे ‘लव्हज अ बिच’ असं उपशीर्षक दिलं गेलं. आपल्याकडे मात्र एक शब्द तयार आहे: कुतरओढ. रोजच्या बोलण्यात आपण तो इतका वापरतो की त्यातला कुत्रा आपल्याला दिसेनासा झालाय. ‘प्रेमाची कुतरओढ’ म्हटलं की या सिनेमाचं नाव जवळजवळ पूर्ण मराठीत येतं.

शेवट न सांगता गोष्ट सांगाल का?

मेक्सिको सिटीतल्या एका चौकात दोन गाड्यांची भीषण टक्कर होते. त्या टकरीला तीन गोष्टी येऊन मिळतात.

पहिली ओक्ताव्हियो आणि सुसानाची. ओक्ताव्हियो गरीब घरातला पोरगा. थोरला भाऊ रामिरो सुपरमार्केटमध्ये गल्ल्यावर बसतो, उरलेल्या वेळात दुकानं लुटतो आणि घरी आला की बायकोवर हात टाकतो. ती बायको म्हणजे सुसाना, अजून शाळेच्या गणवेशात वावरणारी, कडेवर तान्हं मूल असलेली पोर. ओक्ताव्हियोचा तिच्यावर जीव जडलाय. तिला घेऊन पळून जायला पैसा हवा, आणि घरातला कोफी नावाचा रॉटवायलर कुत्रा झुंजीत जिंकू शकतो हे त्याच्या योगायोगानं लक्षात येतं.

दुसरी डानिएल आणि व्हालेरियाची. तो मासिकाचा संपादक, बायको आणि दोन मुलींना सोडून आलेला. ती प्रसिद्ध मॉडेल. नवं घर, नवा संसार, सोबत रिची नावाचा छोटा केसाळ कुत्रा.

तिसरी एल चिवो आणि मारूची. ‘चिवो’ म्हणजे बोकड. दाढीच्या जटा झालेला हा म्हातारा हातगाडी ढकलत भंगार गोळा करतो, भटक्या कुत्र्यांचं लटांबर सोबत बाळगतो आणि पैसे घेऊन माणसं मारतो. मारू त्याची मुलगी. आपला बाप जिवंत आहे हे तिला माहीतच नाही.

झुंजीच्या दृश्यांत कुत्र्यांना खरंच इजा झाली का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आणि ज्यांना तो पडत नाही त्यांच्यापेक्षा ज्यांना पडतो ती माणसं मला जवळची वाटतात.

इजा झाली नाही. चित्रीकरणात कुत्र्यांची तोंडं मासेमारीच्या पारदर्शक दोऱ्यानं बांधलेली होती, त्यामुळे त्यांना एकमेकांना चावता येत नव्हतं. ते मस्ती करत होते. झटपट काटछाट आणि आवाज यांनी त्या मस्तीची झुंज केली. ध्वनीचं काम मार्तिन एर्नांदेस यांचं, ते इन्यारितूंचे रेडिओच्या दिवसांपासूनचे साथीदार. मेलेले दिसणारे कुत्रे गुंगीत होते. तरीही ब्रिटनमध्ये प्राण्यांसाठी काम करणाऱ्यांनी या सिनेमावर आक्षेप घेतला होता.

दुसऱ्यांदा बघाल तेव्हा लक्ष द्या, पडद्यावर प्रत्यक्ष चावाचावी फार थोडी आहे. आपण बघतो ती कुत्रे सोडण्याआधीची क्षणभराची शांतता, पैसे मोजणारे हात, भोवतीच्या पुरुषांचे चेहरे आणि नंतर फरशीवर उरलेलं रक्त. बाकीचं आपलं मन भरून काढतं. आपल्या देशात अशा झुंजी लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, हे माहीत असलेला प्रेक्षकही त्या खोलीत श्वास रोखून बसतो.

दीर आणि वहिनीचं प्रेम? हे बघवत नाही.

कळतं. आपल्याकडे वहिनीला आईच्या जागी मानायची रीत आहे, त्यामुळे पहिली वीस-पंचवीस मिनिटं अनेकांना अवघड जातात. आमच्याकडे एक काकू मध्यंतरात म्हणाल्या, हा पोरगा चुकतोय, पण त्या मुलीशी घरात दुसरं कोणी नीट बोलतच नाही हो. मला वाटतं त्यांनी गोष्टीची नस पकडली. सुसानाला नवऱ्याचा मार आहे. सासू बाळ सांभाळायला कुरकुरते. स्वतःची आई दारूत बुडालेली. अशा घरात दिरानं बाळासाठी आणलेली एखादी वस्तूसुद्धा तिला आधार वाटते.

पण सिनेमा ओक्ताव्हियोलाही सोडत नाही. तो सुसानाला तिच्या मनात काय आहे हे विचारत नाही. स्वतःचा बेत तिच्यासमोर ठेवतो आणि ती गप्प राहिली की तो होकार धरतो. पैसा येत जातो तसतसं त्याचं प्रेम आणि भावावरचा राग यांतलं अंतर कमी होत जातं. सुसानाचं गप्प राहणं नीट बघा, वानेसा बाउचे या अभिनेत्रीनं त्यात फार काही भरून ठेवलंय.

गोष्टी पुढेमागे का होतात? सरळ का सांगितल्या नाहीत?

सिनेमा टकरीच्या थोडा आधी सुरू होतो: भरधाव गाडी, मागच्या सीटवर रक्तबंबाळ कुत्रा, मागे लागलेली माणसं. मग गोष्ट मागे जाते, पुन्हा टकरीपाशी येते आणि तिथून दुसऱ्या माणसाच्या आयुष्यात शिरते. गोंधळ होत असेल तर एवढंच धरून ठेवा की टक्कर एकच आहे आणि आपण ती वेगवेगळ्या बाजूंनी बघतोय. आरियागांना स्वतःला तरुणपणी मोटार अपघात झाला होता, या रचनेचं बीज तिथे असल्याचं त्यांनी सांगितलंय.

या रचनेला हुशारीचा खेळ म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. तिन्ही गोष्टींतली माणसं एकमेकांना ओळखत नाहीत आणि शेवटपर्यंत ओळखत नाहीतच. व्हालेरियाला धडकलेल्या गाडीत कोण होतं, तो कशापासून पळत होता, हे तिला कळत नाही. ओक्ताव्हियोच्या बाजूनंही तसंच, समोरच्या गाडीतल्या बाईचं पुढे काय झालं याची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचतच नाही. एकमेकांची आयुष्यं त्यांनी उलटीपालटी केली, आणि हे ठाऊक असलेली व्यक्ती एकच: प्रेक्षक. सगळं कळतंय आणि कुणाला सांगता येत नाही, अशा जागी हा सिनेमा आपल्याला बसवतो. सरळ क्रमानं सांगितला असता तर ती जागा मिळालीच नसती.

मेक्सिको सिटीऐवजी दुसऱ्या शहरात ही गोष्ट घडली असती का?

टक्कर कुठेही झाली असती. पण या तिघांना एका चौकात आणणारं शहर प्रचंडच हवं होतं. मेक्सिको सिटी तसं आहे. सुखवस्तू वस्त्या आणि पडकी घरं शेजारीशेजारी, आणि रस्ता मात्र सगळ्यांचा. व्हालेरिया ओक्ताव्हियोच्या घरी कधी गेली नसती, एल चिवोला तर तिच्या इमारतीच्या दारातून हाकललं असतं. त्यांना एकत्र यायला सिग्नलशिवाय जागा नाही. मुंबईत राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

काळही बघा. मेक्सिकोत हा सिनेमा जून २००० मध्ये लागला. त्याच उन्हाळ्यात, २ जुलैला, ७१ वर्षं सलग सत्तेवर असलेला पीआरआय हा पक्ष अध्यक्षपदाची निवडणूक हरला आणि विसेंते फॉक्स निवडून आले. सिनेमात निवडणुकीचा विषय नाही. पण त्यातला पोलीस बघा, तोच मारेकऱ्याला गिऱ्हाईक आणून देतो. लोक कशाला कंटाळले होते ते त्या एका पात्रात दिसतं.

चित्र इतकं खरखरीत, करपल्यासारखं का दिसतं?

छायाचित्रकार रोद्रिगो प्रिएतो यांनी ते तसं घडवलं. कॅमेरा बहुतेक वेळ हातात धरलेला, म्हणून तो माणसांबरोबर श्वास घेतल्यासारखा हलतो. दुसरं कारण प्रयोगशाळेतलं. रंगीत फिल्म धुताना ब्लीच करून चांदीचे कण काढून टाकतात. इथे ती पायरी गाळली. चांदी फिल्मवरच राहिल्यामुळे काळा रंग गडद होतो, बाकीचे रंग फिकटतात, उजेड कडक होतो आणि दाणा उठतो. त्वचेवरचा घाम, भिंतीची ओल, रक्त सगळं त्यामुळे हाताला लागेल असं वाटतं. मोबाइलवर हे निम्मंही कळत नाही. जमेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर, खोलीत अंधार करून बघा.

संगीत कोणाचं?

गुस्तावो सान्ताओलाया या अर्जेंटिनी संगीतकाराचं. गिटारचे मोजकेच सूर आणि त्यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा. पुढे त्यांना सलग दोन वर्षं ऑस्कर मिळालं. सिनेमात त्या काळातल्या मेक्सिकन रॉक आणि हिप-हॉप बँडची गाणीही आहेत, ती बहुतेक ओक्ताव्हियोच्या भागात वाजतात.

मुलांबरोबर बघता येईल का?

नाही. अमेरिकेत ‘आर’ आणि ब्रिटनमध्ये १८ वर्षांवरील असं प्रमाणपत्र आहे, आणि ते योग्यच आहे. हिंसा, शरीरसंबंध, शिवीगाळ सगळं आहे. घरात नुकताच कुत्रा गेला असेल तर मोठ्यांनीही थोडे दिवस थांबावं, असं मी मनापासून सांगेन.

मणिरत्नम यांचा ‘युवा’ यावरून घेतलाय का?

२००४ चा ‘युवा’ आणि त्याच वेळी तमिळमध्ये केलेला त्याचा जोडसिनेमा कोलकात्याच्या आणि चेन्नईच्या तरुणांबद्दल आहे. एका पुलावरच्या घटनेत तीन तरुणांची आयुष्यं एकत्र येतात आणि मग प्रत्येकाची मागची गोष्ट उलगडते. रचना ‘आमोरेस पेर्रोस’ची आठवण करून देते, तशी तुलनाही पुष्कळ झाली. पण ‘युवा’तले तरुण अखेरीस एकमेकांसमोर येतात, राजकारणात उतरतात, बाजू घेतात. इथे कुणी कुणाला भेटत नाही. म्हणून दोन्ही सिनेमे बघून मनात उरतं ते अगदी वेगळं असतं.

मेक्सिकोचा आणि मराठी सिनेमाचा खरा धागा दुसरीकडे आहे. इन्यारितूंचे जवळचे मित्र, मेक्सिकन दिग्दर्शक आल्फोन्सो कुआरोन हे मराठी दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांचे मार्गदर्शक होते, आणि ताम्हाण्यांच्या ‘द डिसायपल’चे कार्यकारी निर्मातेही.

पुरस्कार?

२००० मध्ये कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीक विभागात सर्वोच्च पुरस्कार. मेक्सिकोच्या एरिएल पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट. इंग्रजीखेरीज अन्य भाषेतल्या चित्रपटासाठीचा ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार. परभाषिक चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालं, मेक्सिकोसाठी पंचवीस वर्षांनी. ते ऑस्कर मात्र ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ला गेलं.

यानंतर काय बघावं?

इन्यारितू आणि आरियागा या जोडीचे आणखी दोन: ‘२१ ग्रॅम्स’ (२००३) आणि ‘बाबेल’ (२००६). तिन्हींत अपघात, मृत्यू आणि अनोळखी माणसांची गुंतागुंत आहे. आले त्याच क्रमानं बघा. ‘बाबेल’नंतर या दोघांचं बिनसलं आणि वाटा वेगळ्या झाल्या. माझं मत विचाराल तर पहिल्यात जी धग आहे ती पुढच्या दोन्हींत नाही. ‘बाबेल’ तीन खंडांत फिरतो, हा एकाच शहरात राहतो, आणि जास्त खोल जातो. ओक्ताव्हियोच्या आईचं काम करणाऱ्या आद्रियाना बारासा ‘बाबेल’मध्ये मोठ्या भूमिकेत भेटतील, त्यांच्यासाठी तरी तो बघाच.

*इथून पुढे शेवट उघड होतो. सिनेमा पाहिला नसेल तर थांबा.*

मधली गोष्ट संथ आणि जुळवून आणलेली वाटते. ती काढली असती तर?

हा प्रश्न मी स्वतःला बरीच वर्षं विचारला. पहिल्या भागाच्या धडधडीनंतर एकदम एका फ्लॅटमध्ये बंद व्हायचं, आणि तिथे फरशीखालच्या पोकळीत हरवलेल्या कुत्र्याला शोधत बसायचं. पहिल्यांदा बघताना मीही घड्याळाकडे पाहिलं होतं.

आता मला हाच भाग सगळ्यात जास्त छळतो. व्हालेरियाचा पाय टकरीत चिरडला गेलाय. समोरच्या इमारतीवर तिचंच भलंमोठं जाहिरातीचं चित्र लागलंय, दोन्ही पाय धडधाकट असलेलं, आणि खिडकीतून ते रोज दिसतं. घराच्या लाकडी फरशीला एक भोक आहे, चेंडूच्या मागे रिची त्यात जातो आणि परत येत नाही. रात्री खालून त्याचं कण्हणं ऐकू येतं, उंदरांचा आवाज येतो. डानिएल कामावरून दमून येतो. फरशी उखडायला पैसे नाहीत, कारण घरखर्च दोन ठिकाणी चाललाय. तो चिडतो, ती किंचाळते, आणि जुन्या घरी फोन लावून तो नुसता बायकोचा आवाज ऐकतो, बोलत काहीच नाही.

कुत्र्याच्या नावानं हे दोघं खरं तर आपला संसार शोधतायत, जो नव्या घरात आल्या दिवशीच खाली कुठेतरी पडला. पहिल्या गोष्टीत प्रेम आरडाओरडा करून मरतं. इथे ते फरशीखाली हळूहळू कुजतं. शेवटी रिची जिवंत सापडतो, पण तोवर व्हालेरियाचा पाय कापावा लागलेला असतो. ती खिडकीशी येते तर समोरचं चित्रही काढून टाकलेलं असतं, तिथे नवी जाहिरात हवी असल्यास संपर्क साधण्याची पाटी. हा भाग काढला तर सिनेमा गरिबांच्या हालांचा होऊन जाईल. सुखवस्तू घरातही तेवढंच हरवतं, हे सांगायला तो हवाच.

एल चिवो आधी कोण होता?

विद्यापीठात शिकवणारा, डाव्या विचारांचा माणूस. मुलगी दोन वर्षांची असताना घर सोडून सशस्त्र गटात गेला, पकडला गेला, वीस वर्षं तुरुंगात काढली. बायकोनं मुलीला सांगितलं की बाप मेला. सिनेमा याहून जास्त समजावत नाही, पण मेक्सिकन प्रेक्षकाला तेवढं पुरतं. २ ऑक्टोबर १९६८ ला, ऑलिंपिक दहा दिवसांवर असताना, त्लातेलोल्को चौकात लष्करानं विद्यार्थ्यांवर गोळ्या चालवल्या. त्यानंतरच्या वर्षांत काही तरुणांनी बंदुका उचलल्या आणि सरकारनं अनेकांना कायमचं गायब केलं. त्या काळाला तिथे ‘घाणेरडं युद्ध’ म्हणतात.

एमिलियो एचेवारिया यांनी हा माणूस जवळजवळ न बोलता उभा केलाय. बायकोच्या अंत्यविधीला तो लांब उभा राहतो. तिथे मुलगी पाच-दहा पावलांवर असते.

कोफी एल चिवोचे सगळे कुत्रे मारतो, तरी तो त्याला गोळी का घालत नाही?

टकरीच्या जागेवरून एल चिवो मरायला टेकलेल्या कोफीला घरी आणतो, ओक्ताव्हियोचे पैसेही उचलतो. कोफी बरा होतो आणि एके दिवशी म्हातारा घरी येतो तर त्याचं सगळं कुटुंब रक्तात पडलेलं. तो पिस्तूल रोखतो. कोफी शेपूट हलवत बघत राहतो. आपण काय केलं हे त्याला माहीतच नाही, त्याला शिकवलं होतं तेच त्यानं केलं. एल चिवो स्वतःही तसाच जगत आलाय, पैसे घेऊन मारायचं आणि पुढे चालायचं. त्या कुत्र्यात त्याला आपणच दिसतो, आणि हात खाली येतो.

त्यानंतर त्याच्या हातून खून होत नाही. आपल्याच सावत्र भावाला मारायची सुपारी देणाऱ्या माणसाला तो बोलावून घेतो, दोन्ही भावांना समोरासमोर बांधतो आणि मध्ये पिस्तूल ठेवून निघून जातो. पुढे काय झालं ते सिनेमा दाखवत नाही. ओक्ताव्हियो आणि रामिरोची गोष्ट आपण नुकतीच पाहिली असते, म्हणून त्या खोलीकडे पाठ फिरवून जाणं आपल्याला जड जातं.

ओक्ताव्हियो आणि सुसानाचं पुढे काय होतं?

रामिरो बँक लुटताना मारला जातो. सुसाना विधवा होते, पोटात दुसरं मूल. डोकं भादरलेला, कुबडीवरचा ओक्ताव्हियो तरीही तिला विचारतो, चल माझ्याबरोबर. बसस्थानकावर तो थांबतो. बस सुटते. ती येत नाही, आणि तोही बसत नाही.

शेवटी लुसियानोच्या नावे अर्पणपत्रिका येते. लुसियानो कोण?

इन्यारितूंचा मुलगा, जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेलेला. त्या ओळीचा आशय असा की आपण जे गमावलं तेही आपणच असतो. मी ती ओळ पहिल्या खेळाला वाचलीच नव्हती, दिवे लागले होते. वाचल्यावर पुन्हा सगळा सिनेमा मनात फिरवला तेव्हा जाणवलं, तिन्ही गोष्टींत बापाची जागा रिकामी आहे. ओक्ताव्हियोच्या घरात बाप दिसतच नाही. डानिएल दोन मुलींना मागे सोडून आलाय. एल चिवो मारूच्या लेखी मेलेला आहे. मूल गमावलेल्या माणसानं हा सिनेमा बापांच्या बाजूनं केलाय.

एल चिवो शेवटी कुठे जातो?

तो दाढी-केस कापतो, नखं काढतो, इतके दिवस न घातलेला फुटका चष्मा डोळ्यांवर चढवतो. मारूच्या घरात चोरून शिरतो. तिच्या पदवीच्या फोटोत सावत्र बापाच्या तोंडावर त्यानं स्वतःचा चेहरा चिकटवलेला असतो, तो फोटो जागेवर ठेवतो, उशीखाली पैसे ठेवतो आणि फोनच्या यंत्रावर निरोप बोलून ठेवायला लागतो. आपण कोण ते सांगतो. परत येईन म्हणतो, तुझ्या डोळ्याला डोळा द्यायची हिंमत आली की. ध्वनिमुद्रणाची वेळ संपते, आणि तिच्यावर प्रेम आहे हे वाक्य यंत्रात पोचत नाही.

मग भंगाराच्या दुकानात एक मोटार विकतो. दुकानदार कुत्र्याचं नाव विचारतो. कोफी हे नाव त्याला कुठून माहीत असणार? काळा आहे म्हणून तो सांगतो: नेग्रो. समोर भेगा पडलेली काळी जमीन लांबवर पसरलेली असते. म्हातारा चालू लागतो आणि कुत्रा त्याच्या मागे जातो.